आकडा मोठा, यंत्र लहान

विद्यार्थ्यासाठी बेताच्या किमतीचा लॅपटॉप घेताना मोठा आकडा म्हणजे नवे यंत्र असे आपण धरून चालतो. एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेली नामपद्धती या समजुतीवरच पोसली आहे, असे आमचे मत आहे. २०२१ च्या रायझेन ५ ५५००यू मध्ये सहा कोअर व ग्राफिक्सची सात एकके. नंतरच्या ७५२०यू मध्ये चार कोअर आणि दोनच एकके! (ही एकके नव्या घडणीची आहेत खरी, पण दोन ती दोनच.) कोअरची रचना दोहोंत झेन २ हीच. ७५२० मधला ७ म्हणजे २०२३ साल; रचनेची पिढी तिसऱ्या स्थानावरच्या २ मध्ये दडलेली. निबंध, गुणतक्ते दोन्हींवर होतील. हलक्याफुलक्या खेळांत मात्र ७५२०यू मागे पडतो, आणि त्याची मेमरी डाख लावून बसवलेली असल्याने मागाहून वाढवताही येत नाही.