गाण्यानं बोलावलं, दगडानं गाठलं

इथे स्कोफिल्ड्समध्ये मराठी सिनेमाला जायचं तर बेत आखावा लागतो. खेळ जेमतेम एखादा. गाडी काढायची की नाही, हे ट्रेलरच्या दोन मिनिटांवर ठरतं.

टीझर नुसती चाहूल देतो. कथा सांगणारा ट्रेलर बऱ्याचदा मध्यंतरापलीकडचंही सांगून बसतो. गाण्याचा प्रोमो मात्र कथेला हातच लावत नाही. तो मूड विकतो.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आठवून पाहा. तो १४ फेब्रुवारी २०१४ला, ऐन व्हॅलेंटाइन डेला लागला. अजय-अतुल यांचं त्याचं प्रेमगीत सगळीकडे वाजत होतं. ते केवळ प्रसिद्धीसाठी होतं, सिनेमात नव्हतंच. शाळकरी प्रेमाची गोष्ट समजून गेलेल्यांच्या अंगावर शेवटी जब्याचा दगड आला.

याला फसवणूक म्हणावं का? मला नाही वाटत. जब्याही आपली गोष्ट प्रेमाचीच समजत होता. जातीनं त्याला जागं केलं. प्रोमोनं आपल्यालाही त्याच स्वप्नात नेऊन बसवलं.

‘जातीवरचा सिनेमा’ अशी जाहिरात असती, तर आपल्यापैकी किती जणांनी गाडी काढली असती? खरं सांगा.