काटकसरी शरीर आणि दुष्काळाचा वारसा

उत्क्रांतिवादाचा वैद्यकाशीं संबंध काय, असें विचारलें तर आमच्याकडील सुशिक्षित मनुष्यही माकडाची गोष्ट काढून हंसतो. वास्तविक तो संबंध आमच्या जेवणाच्या पानापर्यंत येऊन पोंचला आहे. धाराशिवसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या घरीं आज मधुमेहाच्या गोळ्या दिसतात. आणि ‘हें आमच्या रक्तांतच आहे’ असें म्हणून मंडळी स्वस्थ बसतात. या उद्गारास शास्त्राचा आधार किती, हें येथें पाहावयाचें आहे.

१९६२ सालीं जेम्स नील या अमेरिकन शास्त्रज्ञानें काटकसरी जनुकाची कल्पना मांडली. जें शरीर सुकाळांत मिळालेलें अन्न झपाट्यानें सांठवी, तें दुष्काळांत तगे; आणि तोच गुण बारमाही अन्नाच्या काळांत मधुमेहास कारण होतो, असें त्याचें म्हणणें. पुढें १९९४ सालीं नेसी व विल्यम्स या ग्रंथकारद्वयानें अशीच दृष्टि ताप, खोकला, ओकारी यांना लावली आणि हीं पुष्कळदां शरीराचीं संरक्षणेंच असतात, हें दाखविलें. ‘रोग कसा होतो’ याच्या जोडीला ‘शरीर असें कां घडलें’ हा प्रश्न वैद्यास विचारावयास लावणें, हें या विचारसरणीचें खरें श्रेय होय.

परंतु नीलच्या कल्पनेंत एक मोह आहे. ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ भोगला, त्यांस ती ऐकतांच पटते. आणि जी गोष्ट ऐकतांच पटते तिचा पुरावा सहसा कोणी मागत नाहीं. दुष्काळांत माणसें नुसत्या भुकेनें नव्हे, तर पटकीनें व तापानेंही मरतात, आणि त्यांत मुलें व वृद्ध अधिक. तेथें अंगची चरबी कितपत तारील? आमच्या लोकांतील मधुमेहाचा समग्र उलगडा करील असें काटकसरी जनुक अद्यापि हातीं लागलेलें नाहीं.

१९९२ सालीं हेल्स व बार्कर यांनीं ही काटकसर जनुकांतून काढून गर्भाशयांत नेली: उपाशी गर्भ पुढील टंचाईच्या अपेक्षेनें आपला देह बेततो. याची परीक्षा आमच्याच प्रांतांत झाली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. आमच्या बालकांचे स्नायु तुटपुंजे. त्वचेखालील चरबी मात्र बव्हंशीं राखलेली! २००४ सालीं याज्ञिक यांनीं आपलें व इंग्रज मित्र युडकिन यांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिनांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांत २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा मनुष्य निर्धोक असतो, हा आमचा समज येथें पार ढांसळतो.

याच अभ्यासांत असेंही दिसलें कीं, बाळाच्या आकाराचा संबंध आईनें खाल्लेल्या पालेभाज्या, फळें व दूध यांच्याशीं आहे. आणि कष्टाचीं कामें करणाऱ्या मातांचीं बाळें लहान असतात. संबंध म्हणजे कारण नव्हे, हें खरें. म्हणूनच मुंबईंतील गरीब वस्त्यांत गर्भधारणेपूर्वींपासून स्त्रियांस असा पौष्टिक खाऊ देऊन पाहण्यांत आलें. बाळांच्या सरासरी वजनांत एकंदरीनें निश्चित फरक पडला नाहीं. परंतु गरोदरपणांतील मधुमेह मात्र घटला. ज्या विचारांतून असा प्रयोग निघतो आणि जो विचार निम्में अपयशही उघड मान्य करतो, त्यास आम्ही शास्त्र म्हणतों. नुसत्या पटणाऱ्या कथेस तो मान देतां येत नाहीं.

‘रक्तांत आहे’ म्हटलें कीं दोष पूर्वजांवर जातो आणि कर्तव्य कोणावरच राहत नाहीं. उलट पुण्याच्या खेड्यांतून आलेली साक्ष आपल्या स्वयंपाकघराकडे बोट दाखविते. आमच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रिया गरोदरपणींही उसाच्या मोळ्या वाहतात. आणि आमच्या सुशिक्षित घरांतूनही अद्यापि पुष्कळ ठिकाणीं सून सर्वांच्या मागून, उरलेल्यावर जेवते. दुष्काळ आमच्या हातचा नाहीं. ही पंगत मात्र आहे.