कसाणा आणि कुषाण

गुज्जरांमधलं कसाणा कूळ थेट कुषाण सम्राटांचं, हे मत आज मोठ्या अभिमानानं मांडलं जातं. गुज्जरांचा कुषाणांशी संबंध एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमनं जोडला होता. कुळाच्या बाबतीत मुख्य आधार नावाचा. कनिष्काच्या नाण्यांवर ‘कोशानो’, इकडे ‘कसाणा’. साम्य आहे, मी नाकारत नाही. पण मधली शतकं ओलांडायला कानाला लागणारं साम्य पुरत नाही हो! ग्रेटर नोएडाजवळ कासना गाव आहे. कुळाला नाव गावाचं, की गावाला कुळाचं? हे आधी ठरवायला नको?

आपल्याकडेही देवदत्त भांडारकरांनी गुर्जरांना परदेशी ठरवलं, चिंतामणराव वैद्यांनी ते खोडलं. वाद जोरदार, पण दोघांची नजर राजघराण्यांवरच.

आता राजोरचा इ. स. ९६० चा लेख पाहा. त्यात मथनदेव स्वतःला गुर्जर-प्रतिहार म्हणवतो, आणि त्याच लेखात गुर्जर कसत असलेल्या शेतांचाही उल्लेख येतो. राजाही गुर्जर, नांगर धरणाराही गुर्जर. वंशावळी लिहिणारे पहिला उचलतात, दुसरा सोडतात. जम्मू-काश्मीरमध्येही कसाणा आहेत. तिथल्या गुज्जरांना १९९१ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, तो काही सम्राटांचे वंशज म्हणून नव्हे. उन्हाळ्यात म्हशी घेऊन वरच्या कुरणांत जाणाऱ्या या माणसांना कुषाणांच्या वंशावळीत एक ओळही मिळत नाही, हा माझा खरा आक्षेप आहे.