कुरणाचा वारस कोण?

रंजनप्रधान कादंबरीची दखल घ्यायची ती हेटाळणीपुरतीच, हा आपल्या समीक्षेचा जुना परिपाठ आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुरेपालनावर जगणारे लहानसे गाव, मैलोगणती कुरणे, एक अबोल घोडेस्वार, एक मानी तरुणी आणि दडून बसलेला मारेकरी, एवढ्या सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या इंग्रजी प्रेमरहस्यकथा अंबरपेठेतल्या मराठी घरांत नव्या पिढीच्या हाती दिसल्या, की वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. या कथांची भाषा बेताची आणि शेवट ठरलेला असतो, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याला वाटतो तितका परका नाही.

या परंपरेचा एक ठळक आरंभ झेन ग्रे यांच्या १९१२ सालच्या 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' या कादंबरीत सापडतो. तिची नायिका जेन विदरस्टीन हिला वडिलांकडून गुरांचे कळप, जमीन आणि गावाला जगवणारा पाण्याचा झरा मिळालेला आहे. पंथातील एक वजनदार पुढारी तिला लग्नाची मागणी घालतो. त्या मागणीत तिच्याइतकाच तिच्या मिळकतीवरही डोळा आहे, हे लपून राहत नाही. म्हणजे येथे प्रीती आणि भीती या दोहोंचा उगम एकच, तो म्हणजे स्त्रीच्या नावावर असलेली जमीन.

नोरा रॉबर्ट्स यांची 'मोन्टाना स्काय' (१९९६) हाच धागा आपल्या काळात आणते. जॅक मर्सी हा गडगंज रँचमालक मरतो. तीन बायकांपासून झालेल्या, एकमेकींना अनोळखी असलेल्या तीन मुलींनी वर्षभर एकत्र राहावे, तरच मालमत्ता त्यांना मिळेल, अशी अट तो मृत्युपत्रात घालून जातो. मग आधी जनावरे आणि पुढे माणसे मारली जाऊ लागतात. मुलींमधला दुरावा हळूहळू ओसरतो, आणि हाच या कादंबरीचा सर्वांत सकस भाग होय. तिघींची लग्ने जुळतात, पण त्याहून त्यांचे बहीणपण अधिक खरे वाटते.

दोष आहेत ते याच्या पुढे. मारेकरी निघतो तो रँचवरचाच एक गडी, मर्सीचा अनौरस मुलगा. वारसा नाकारला गेलेला हा माणूस लेखिकेने निव्वळ राक्षस करून टाकला आहे. बापाने त्याच्यावर केलेल्या अन्यायाचा विचार करण्याची उसंत कथेला नाही. थोरल्या कुरणांचे मूळ रहिवासी ब्लॅकफूट लोक. त्यांचे रक्त असलेला अ‍ॅडम येथे सात्त्विक प्रियकर म्हणून शोभतो, पण ही भूमी मुळात कोणाची, असे तो विचारीत नाही. रहस्य उलगडते, पण वारसाचा प्रश्न अर्धाच सुटतो.

आपल्याकडे असे काही आहे काय? अमेरिकन वसाहतीचे जीवन मराठीत रुजू शकते, हे जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टरच्या 'रान', 'शिवार', 'गाव' या अनुवादांनी दाखवून दिले. पण पशुपालकांचे अस्सल मराठी गाव पाहायचे, तर व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'कडेच (१९५५) जावे लागते. तेथेही परका तरुण मास्तर येतो. कारभाऱ्याच्या मुलीने, अंजीने, त्याला साध्या चोळीचे काम सांगितले, तेवढ्यावरून संशयाची सावली पडते. मात्र माडगूळकरांना मारेकऱ्याची गरज भासत नाही. दुष्काळच वाडी रिकामी करतो. कलादृष्ट्या या दोन कृतींची तुलनाच होऊ नये. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औत ओढते, हे चित्र विसरता येत नाही. पण ती जमीन कोणाच्या नावावर, हा प्रश्न तेथे उमटत नाही. त्या काळी तो उमटणे कठीणच होते.

आज तो उमटायला हवा. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे मूळ मराठवाड्यात आहे. १९४९ मध्ये निजामी मुलखातील जहागिरी गेल्या, तरी शेते आणि वाडे पुष्कळांकडे उरले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क तत्कालीन आंध्र प्रदेशाने १९८६ च्या कायद्याने दिला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये. पण आधीच लग्न झालेल्या मुली दोन्हीकडे वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही उणीव भरून काढली. कायदा झाला, आणि त्याबरोबर हक्कसोडपत्रांवरच्या सह्याही वाढल्या. भाऊबीजेची ओवाळणी घ्यायची आणि सातबाऱ्यावरचे नाव सोडायचे, यालाच आपण माहेर टिकवणे म्हणतो.

या सहीमागे केवढे नाट्य आहे! प्रेम आहे, धाक आहे, अबोला आहे, आणि घरातल्याच माणसाविषयीचा संशयही आहे. मोन्टानाच्या लेखिकेला जे रचण्यासाठी खून पाडावे लागतात, ते आपल्या ओसरीवर एका मुद्रांकाच्या कागदाने घडते. यावर मराठीत मोठी कादंबरी व्हावी, अशी आमची इच्छा आहे. ती रहस्यकथेच्या वेषात आली तरी आम्ही नाक मुरडणार नाही. मात्र तिने ज्याला वारसा नाकारला त्याला राक्षस करू नये, आणि जिने हक्क मागितला तिला कजाग ठरवू नये.