साहेब : एका शब्दाची चिरफाड

'साहेब' हा शब्द अरबी. मूळ 'साहिब' म्हणजे सोबती. प्रेषित मुहंमदांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात तेही याच धातूचं, अन् आपली 'सोबत'ही त्याच घरची. म्हणजे मित्रांनो, साहेब आणि सोबत ही भावंडं निघाली! पण अरबीत 'बाळगणारा, धनी' असाही अर्थ होता. फारसी दरबारातून शब्द इकडे आला तो धन्याला घेऊन. सोबती मागं राहिला. कंपनीच्या राज्यात गोरा माणूस म्हणजे साहेब. 1947 ला गोरा गेला, शब्द खुर्चीवर तसाच बसून आहे.

कबिरानं मात्र हाच शब्द निर्गुणाला लावला. अन् आपल्या लोकांनी भीमरावांना बाबासाहेब केलं. जोहार घालून पाटलाला 'मायबाप' म्हणणं हा वतनाचा जाच होता (ते वतन 1958 च्या कायद्यानं गेलं). 'बाबासाहेब' कुणी दरडावून वदवलं नाही.

आपल्या अंकांतल्या कथा-कवितांत हा फरक येत नाही. साहेब म्हटला की ढेरपोट्या सवर्ण, फाईल, दोन शिव्या, झालं. आपल्यातलाच शिकून साहेब झालेला, वस्तीकडं पाठ फिरवलेला, त्याला 'दलित ब्राह्मण' असा टोमणा मारून सुटायचं. त्याच्या पोटात कोण शिरणार? दया पवारांनी 'बलुतं'त (1978) शिकलेल्या दयाला दगडूसमोर बसवलं, तसं. शिकलेल्यांनी दगा दिला, हे बाबासाहेब 1956 साली आग्र्याला बोलले, ते याच साहेबाबद्दल.