‘सगळं छान होतं’ : सुखद आठवणींच्या उपचाराची एक तपासणी

दोन वर्षांपूर्वी आत्याचे यजमान गेले आणि त्यानंतर ती हळूहळू बोलायची थांबली. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, गोळ्या सुरू केल्या आणि समुपदेशनाला पाठवले. तिथे तिला एक वही मिळाली. कुटुंबातला एक आनंदाचा प्रसंग आठवा, त्याचे चित्र काढा आणि खाली चार ओळी लिहा, असे पहिल्या पानावर छापले होते. आत्याने चित्र काढले नाही. चार ओळींच्या जागी तीनच शब्द लिहिले : ‘सगळं छान होतं.’ त्या रात्री ती जेवली नाही.

ती वही मी नंतर बऱ्याचदा चाळली. आजीच्या स्वयंपाकघराचे चित्र, हरवलेल्या माणसाला पत्र, जुन्या फोटोंचे चिकटकाम, आठवणींची पेटी. असे स्वाध्याय आज समुपदेशनात आणि वृद्धांच्या विरंगुळा केंद्रांत सर्रास दिसतात. त्यांमागचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण सुखाची आठवण काढली की मन सुखावते, हे त्यांचे गृहीतक कितपत खरे आहे? आणि ‘सुखी कुटुंब’ म्हणजे नेमके कोणाचे सुख? या दोन प्रश्नांपुरताच हा लेख आहे.

बटलर यांनी काय म्हटले होते

म्हातारी माणसे जुन्या गोष्टी उगाळत बसतात हे एके काळी बुद्धी मंदावल्याचे लक्षण मानले जाई. १९६३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी त्याला छेद दिला. शेवट जवळ आल्याच्या जाणिवेने माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब मांडू लागतो आणि ही स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे त्यांनी मांडले. स्मरणावर आधारलेल्या उपचारांना त्यातून मोठी चालना मिळाली.

परंतु बटलर यांच्या हिशेबात जमा आणि खर्च या दोन्ही बाजू होत्या. न मिटलेली भांडणे, अपराधीपणा, पश्चात्ताप हे सारे वर येते. त्यातून कोणाला शांती लाभते, तर कोणी अधिक खचते, हेही त्यांनी सांगितले होते. पुढे छापील वह्या आल्या तेव्हा जमेची बाजू राहिली आणि खर्चाचे पान गळून गेले. सुखद तेवढेच आठवा, हा आग्रह बटलर यांचा नव्हे.

परिणामांचे चित्रही संमिश्रच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी केलेल्या स्मरणोपचाराच्या २२ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २००० व्यक्तींचा त्यात समावेश होता. काही बाबतींत फायदा दिसला, पण तो लहान होता आणि सगळीकडे सारखा नव्हता.

आठवण आणि तपशील

नैराश्याच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. युटा योरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आधी सहभागींचे मन उदास केले आणि मग त्यांना सुखाच्या आठवणी काढायला सांगितल्या. ज्यांना कधीच नैराश्य आले नव्हते त्यांचे मन सावरले. जे त्यातून बाहेर पडले होते त्यांना लाभ झाला नाही. जे त्या वेळी नैराश्यात होते त्यांची उदासी वाढली. न जेवता झोपलेली आत्या मला इथे आठवली. तेव्हाचे सुख आणि आताचे घर शेजारी शेजारी ठेवले, की फरकच अंगावर येतो.

मग हा स्वाध्याय टाकूनच द्यावा काय? तसेही नाही. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा विशिष्ट प्रसंग सांगायला सांगितले. रुग्णांना ते अवघड गेले, त्यातही सुखाशी निगडित शब्दांवरून अधिक. एका दिवसाचा, एका ठिकाणचा प्रसंग सांगण्याऐवजी ते मोघम उत्तर देत. पुढे झालेल्या अनेक अभ्यासांत स्मृतीचा हा मोघमपणा नैराश्याचे एक लक्षण म्हणून पुन्हा पुन्हा आढळला. ‘सगळं छान होतं’ हा आत्याचा आळस नव्हता, टाळाटाळही नव्हती. आजारच तिच्याकडून ते वाक्य लिहवून घेत होता आणि वही तेवढ्यावर समाधान मानत होती.

अलिझा वर्नर-सायडलर आणि मिशेल मोल्ड्स यांचा २०१२ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. नैराश्यात असलेल्या आणि त्यातून बरे झालेल्या व्यक्तींना त्यांनी सुखद आठवण दोन तऱ्हांनी हाताळायला लावली. या प्रसंगाचा अर्थ काय, तो का घडला, असा विचार करणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली नाही. काय दिसत होते, काय ऐकू येत होते, एकामागून एक काय घडले, याकडे लक्ष देणाऱ्यांची सुधारली. म्हणजे आठवण सुखाची असून भागत नाही. तिच्यात आत शिरता आले पाहिजे.

टिम डॅल्ग्लिश आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच दिशेने एक वेगळा प्रयोग केला. प्राचीन ग्रीक-रोमन वक्ते भाषण लक्षात ठेवण्यासाठी ओळखीच्या वास्तूतून मनाने फिरत आणि एकेक मुद्दा एकेका जागी ठेवत. त्याच रीतीने रुग्णांनी १५ चांगल्या आठवणी ओळखीच्या जागांवर मांडल्या. आठवड्यानंतर अचानक विचारले, तेव्हा नुसती उजळणी करणाऱ्या गटापेक्षा या गटाला त्या अधिक टिकवता आल्या. अर्थात त्या प्रयोगाने मोजली ती आठवण हाताशी राहण्याची शक्ती. आजार बरा झाल्याचा तो पुरावा नव्हे. तरीही ओटी, माजघर, परसू अशा घरात वाढलेल्या माणसासाठी कोऱ्या चौकटीपेक्षा ही रीत मला अधिक माणसाळलेली वाटते.

कोणाचे सुख?

दुसरा प्रश्न अवघड आहे, कारण कुटुंबालाही स्वतःची एक अधिकृत स्मृती असते. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रसिद्ध प्रयोगात २४ जणांना त्यांच्या बालपणीचे चार प्रसंग दिले गेले. तीन नातेवाइकांनी सांगितलेले खरे, तर चौथा, बाजारात हरवल्याचा, रचलेला. सुमारे पाव लोकांना तो खोटा प्रसंगही पूर्ण किंवा अंशतः ‘आठवला’. वाडीला सगळे मिळून किती मजा करायचो, असे घरातल्या मोठ्या आवाजाने वीस वेळा सांगितले, तर ज्याला तिथे मजा आली नव्हती तोही मान डोलावू लागतो. समुपदेशकाने सुचवत जाणे म्हणूनच धोक्याचे आहे.

याउलट अ‍ॅन बॅस्टिंग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला ‘टाइमस्लिप्स’ हा उपक्रम मला प्रामाणिक वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तिथे आठवायला लावत नाहीत. एक चित्र दाखवून त्यावरून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. कल्पनेला तिथे कल्पनाच म्हणतात, आठवणीचा मुखवटा चढवत नाहीत आणि चुकण्याची भीतीही उरत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तम उत्तर उपचारशास्त्राच्या बाहेर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. वडिलांचे टोकाचे सोवळे, टिळकांचा लहरी आणि तापट स्वभाव, १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, यातले काहीही सुखद आठवणीच्या चौकटीत बसणारे नाही. तरी वाचक पानोपानी हसतो. लक्ष्मीबाई दुःखाला गोड रूप देत नाहीत. त्या प्रसंग सांगतात, त्यातल्या माणसांना बोलू देतात, आणि राग व माया एकाच प्रसंगात नांदतात. त्यांच्याकडून सुखाचा तेवढा प्रसंग मागितला असता, तर बहुधा हे पुस्तक झाले नसते.

गेल्या दिवाळीत मी वही बाजूला ठेवून आत्याला विचारले, “आत्या, तुमच्या जुन्या घरी चकल्या कोण पाडायचं?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सोऱ्या पितळेचा होता. घट्ट फिरायचा. हे बसायचे दाबायला, बनियनवर. मी तळणीपाशी.” थोड्या वेळाने पुढे म्हणाली, “चार वाजल्यापासून उभी असायचे रे. पाय भरून यायचे. एकदाही कोणी म्हणालं नाही, की बस जरा.” आणि मग : “त्यांनीच एकदा पाट सरकवला होता पायाने. सासूबाईंना दिसू न देता.”

हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. एका संवादाने नैराश्य हटत नाही. तिच्या गोळ्या अजून चालू आहेत. पण तो पाट, ते भरून आलेले पाय आणि सासूबाईंची पाठ वहीच्या चौकटीत मावली नसती, कारण वहीला फक्त पाट हवा होता. त्या रात्री ती जेवली. पानात वाढलेली चकली मोडून पाहत म्हणाली, “मोहन कमी पडलंय.”