सातव्या दिवसानंतर : 'गीता प्रवचने'तील मरणस्मरणाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

आपल्या मृत्यूचा दिवस आधी कळावा काय, हा प्रश्न कुतूहलाचा वाटतो. परंतु मराठी परंपरेत तो फार जुना आहे. सत्यवानाला वर्षच उरले आहे हे नारदाकडून ऐकूनही त्याला वरणारी सावित्री, सात दिवसांचा शाप मिळालेला परीक्षित आणि उत्तरायणाची वाट पाहत शरपंजरी पडलेले भीष्म ही तिन्ही पात्रे मरणाची मुदत माहीत असलेली पात्रे आहेत. वटपौर्णिमेचे व्रत आणि भागवताचा सप्ताह यांच्या रूपाने पहिली दोन आजही गावोगाव ओळखीची आहेत. आधुनिक मराठी गद्यात हाच प्रश्न नेमक्या स्वरूपात मांडणारा ग्रंथ म्हणून विनोबा भावे यांच्या 'गीता प्रवचने'चा, विशेषतः त्यातील आठव्या अध्यायाचा विचार करणे अगत्याचे ठरते.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, पेण तालुक्यात गागोदे या गावी झाला. आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र म्हणून जयंतीला त्यांचे स्मरण होते, भूदानाचा उल्लेख होतो. त्यांच्या गद्याची चिकित्सा मात्र क्वचित होते. प्रस्तुत लेखात आठव्या अध्यायातील एका कथेचे वाचन करून, मरणाची जाणीव आणि मरणाची तिथी या दोन गोष्टींत विनोबा जो भेद करतात तो स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रवचनांची पार्श्वभूमी

'गीता प्रवचने' हा लिहिलेला ग्रंथ नव्हे, बोललेला ग्रंथ आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आठवे प्रवचन १० एप्रिलचे. त्याचे शीर्षक 'प्रयाणसाधना : सातत्ययोग' असे आहे.

समोरचा श्रोता कैदी होता, ही बाब या प्रवचनाच्या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगी नाही. शिक्षा झालेल्या माणसाला सुटकेची तारीख माहीत असते आणि तो दिवस मोजत असतो. अशा श्रोत्यांपुढे आयुष्याच्या मुदतीविषयी बोलताना मोजलेल्या दिवसांचा दृष्टांत विनोबांनी निवडावा, याला एक वेगळा अर्थ प्राप्त होतो.

गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळी मनात जो भाव असेल तशी पुढची गती, असा सिद्धांत आहे. त्यावरून शेवटचा क्षण साधला की झाले, असे वाटण्याचा संभव असतो. परंतु गीता लगेच सर्वकाळ स्मरण ठेवून लढण्यास सांगते. शेवटचा क्षण कोणता हे ठाऊक नसल्यामुळेच 'सर्वकाळ' हा शब्द येतो. विनोबा या शब्दावर भर देतात आणि त्यातून 'सातत्य' ही आपली संज्ञा घडवतात.

नाथांची कथा

मरणाचे स्मरण टाळण्याची माणसाची धडपड सांगताना विनोबा फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कल याचा दाखला देतात आणि मग एकनाथांची परंपरागत कथा सांगतात. एका गृहस्थाने नाथांना विचारले की तुमचे जीवन इतके निष्पाप कसे? नाथांनी उत्तर दिले नाही. तुझे मरण आजपासून सातव्या दिवशी आहे, एवढेच त्याला सांगितले. नाथांचा शब्द खोटा कोण मानणार? विनोबा येथे सात दिवसांचे तासही मोजून दाखवतात. गृहस्थ घाईने घरी गेला, निरवानिरव करू लागला, आजारी पडला आणि अंथरुणाला खिळला. सातव्या दिवशी नाथ आले. या दिवसांत पापाचे विचार किती आले, असे त्यांनी विचारले. मरण डोळ्यांपुढे असताना पाप सुचणार कोठून, असे तो म्हणाला. तुझ्या प्रश्नाचे उत्तर हेच, असे नाथांनी सांगितले.

कथा छोटी, बोलीच्या वळणाची आणि परिणामकारक आहे. कीर्तनकारांनाही ती प्रिय आहे. तथापि तिच्या रचनेतील एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. नाथांनी सांगितलेली तिथी खरी नाही. परीक्षिताचा सातवा दिवस खरा होता, तक्षक खरोखरच आला. येथे सात हा आकडा तोच आहे. परंतु ती मुदत म्हणजे गुरूने बोध होईपर्यंत दिलेली उसनी वस्तू आहे आणि बोध होताच ती परत घेतली जाते. तिथीचा उपयोग करून तिथीच रद्द करणारी ही कथा आहे. आपला मृत्युदिन जाणून घ्यावा, असे ती सुचवत नाही.

एक आक्षेप

तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात हा उतारा शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पण त्या माणसाने त्या दिवसांत काम काय केले?" वर्गात हशा पिकला. मला मात्र त्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता आले नाही.

आक्षेप रास्त आहे. गृहस्थाच्या हातून पाप घडले नाही हे खरे, परंतु पुण्यही घडले नाही. त्याने कोणाचे देणे फेडले, कोणाची क्षमा मागितली, अपुरे काम पुरे केले, असे कथेत काहीच नाही. तो अंथरुणावर पडून होता. भयाने आलेली निष्क्रियता आणि साधनेने आलेली निष्पापता यांत फरक करावयाचा असेल, तर ही कथा त्या फरकापाशी पोहोचत नाही. शिवाय नाथ निघून गेल्यावर आठव्या दिवशी तो उठला तेव्हा कसा जगला, याविषयी कथा मौन पाळते. सात दिवसांची मुदत संपल्यावर मुदतीने आलेली शुद्धी टिकली काय? प्रस्तुत लेखिकेच्या मते या कथेतील खरा कसोटीचा दिवस तो आठवा आहे.

मुदत जवळ आल्याचे कळल्यावर माणूस केवळ खचतो असे मात्र नाही. मूळ श्रीवर्धनच्या भट घराण्यातील थोरले माधवराव पेशवे क्षयाने थेऊर येथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. दुखणे बरे होणार नाही हे ओळखून त्यांनी आपल्या इच्छा नऊ कलमांत नोंदवल्या. त्यांत राज्यावरचे कर्ज फेडण्याची चिंता होती, काशी-प्रयाग सोडवण्याची आकांक्षाही होती. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीमुळे थेऊरचे ते दिवस मराठी वाचकाच्या मनात करुण प्रसंग म्हणून ठसले. परंतु त्या नऊ कलमांत करुणेपेक्षा हिशेब अधिक आहे. माधवरावांना दिवस ठाऊक नव्हता, मरण ठाऊक होते. नाथांच्या गृहस्थाला दिवस ठाऊक होता आणि त्या एका दिवसाखेरीज त्याला दुसरे काही दिसत नव्हते.

प्रवचनांतर्गत उत्तर

वर घेतलेल्या आक्षेपाचे उत्तर शोधण्यासाठी ग्रंथाबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. त्याच प्रवचनाच्या अखेरीस विनोबा शुक्ल आणि कृष्ण गतींच्या श्लोकांकडे वळतात. उत्तरायणात, शुक्लपक्षात, दिवसा मरण आले तर सद्गती, हा त्यांचा पारंपरिक अर्थ. भीष्मांनी देह ठेवण्यासाठी उत्तरायणाची वाट पाहिली ती याच श्रद्धेने. म्हणजे येथेही प्रश्न दिनांकाचाच आहे.

विनोबा हे सारे रूपक म्हणून वाचतात. पेटलेला अग्नी म्हणजे चालू असलेले कर्म, दिवसाचा प्रकाश म्हणजे जागी बुद्धी, वाढती चंद्रकला म्हणजे वाढती भक्ती आणि उत्तरायणातील निरभ्र आकाश म्हणजे अनासक्ती. अशा स्थितीत येणारे मरण ते शुक्ल गतीचे. पंचांगातील तिथी येथे मनाची अवस्था बनते. या वाचनाला शास्त्रार्थाच्या दृष्टीने आक्षेप घेता येईल, कारण परंपरेतील कालवाचक अर्थ विनोबांनी बाजूला सारला आहे. परंतु प्रवचनाच्या अंतर्गत तर्काला ते पूर्णपणे धरून आहे. कथेत नाथांनी तिथी परत घेतली, येथे विनोबांनी ती गीतेच्या श्लोकातूनही काढून घेतली.

याहून महत्त्वाचे असे की या रूपकात पहिला मान अग्नीला, म्हणजे कर्माला आहे. मरतेवेळी काम चालू असावे, ही अपेक्षा अंथरुणावर पडलेल्या गृहस्थाला लागू होत नाही. त्यामुळे प्रवचनाचा शेवट प्रवचनातील कथेला नकळत दुरुस्त करतो, असे म्हणता येईल. कथेचे काम श्रोत्याला जागे करण्याचे होते. जागे झाल्यावर काय करावे, हे शेवटच्या रूपकातून कळते. कथा एकटीच उचलून सांगणारे वक्ते विनोबांचे अर्धेच म्हणणे सांगतात.

विनोबांचे स्वतःचे प्रयाण

या प्रवचनानंतर पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, पवनार आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेण्याचे थांबवले. सुमारे आठवडाभराने, १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, त्यांचे देहावसान झाले. हा आठवडा आणि कथेतील सात दिवस यांची तुलना मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ती सावधपणे करावी लागते. विनोबांनी मरणाची तिथी विचारली नव्हती. ती कोणी त्यांना सांगितलीही नव्हती. काम आटोपल्याचे ओळखून त्यांनी शरीर धरून ठेवण्याचा प्रयत्न सोडला. १९५१ पासून तेरा वर्षे देशभर चाललेली पदयात्रा आणि १९६६ मध्ये जाहीर केलेला सूक्ष्मप्रवेश लक्षात घेतला, तर हा निर्णय एका आठवड्याचा नव्हता हे दिसून येते. या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. तथापि लेखकाचे जगणे आणि त्याचे गद्य यांत येथे विसंगती आढळत नाही.

आजच्या संदर्भात

नाथांचे काम आता वैद्यकशास्त्राकडे आले आहे. हंटिंग्टन विकाराचे जनुक १९९३ साली सापडले आणि घराण्यात तो विकार असलेल्या निरोगी व्यक्तीला आपले भविष्य चाचणीने कळू लागले. तरीही धोका असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक ही चाचणी करून घेत नाहीत. उपचार नसलेले भविष्य माहीत करून घेण्यापेक्षा न कळलेला उद्या त्यांना बरा वाटतो. या नकाराला भित्रेपणा म्हणणे योग्य होणार नाही.

याउलट, रुग्णाला त्याच्या गंभीर आजाराचे नावही न सांगणे ही आपल्या घरांतील रूढ रीत आहे. येथे एक अनुभव नोंदवणे मला आवश्यक वाटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमचीही वाडी गेली. त्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांनी पोफळीची नवी रोपे लावली. पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. पुढच्याच वर्षी त्यांना कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून काही महिन्यांची मुदत सांगितली. ती त्यांना कळू द्यायची नाही, असे आम्ही ठरवले. आम्ही सावित्रीच्या जागी उभे होतो आणि ते सत्यवानाच्या.

एका संध्याकाळी वडिलांनी मला वही आणायला सांगितली. कोणत्या आळ्यातले रोप कमजोर आहे, शिंपण्याचा पाट कोठे फुटतो, मजुराचे किती देणे आहे, हे सारे त्यांनी लिहून घ्यायला लावले. मरणाचा शब्द त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ते सारे जाणून होते, हे मला त्यांच्या पश्चात वही उघडल्यावर उमगले. आम्ही त्यांच्यापासून तारीख लपवली असे समजत होतो. प्रत्यक्षात मरणाविषयी त्यांना आमच्याशी बोलता येऊ नये, अशी व्यवस्था आम्ही केली होती. 'गीता प्रवचने' मी त्याआधीही शिकवत होते. विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र मला त्या वहीनंतर समजला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. विनोबांच्या आठव्या प्रवचनात मरणाची जाणीव आणि मरणाची तिथी यांत स्पष्ट भेद आहे. जाणीव सतत ठेवावयाची आहे, तिथी मात्र दोनदा रद्द केली आहे : एकदा कथेत आणि एकदा रूपकात.

२. नाथांची कथा स्वतंत्रपणे वाचली असता भयजन्य निष्पापता आणि साधनाजन्य निष्पापता यांतील फरक पुसट होतो. प्रवचनाच्या अखेरच्या भागासह वाचल्यास हा दोष उरत नाही. अभ्यासक्रमात केवळ कथा निवडताना याचा विचार व्हावा.

३. तिथी सांगण्याचा आग्रह धरू नये, परंतु मरण लपवूही नये, अशी भूमिका या वाचनातून हाती येते. मुदतीचा आकडा माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो. मरणाची मोकळी जाणीव मात्र त्याला निरवानिरवीचा अवसर देते आणि हा अवसर आप्तांनी प्रेमापोटीही हिरावून घेऊ नये.

आपल्या मरणाचा दिवस कळावा काय, या आरंभीच्या प्रश्नाला प्रस्तुत लेखिकेचे उत्तर नकारार्थी आहे. दिवस कळलेल्या माणसाला आठवा दिवस उरत नाही. वडिलांनी लावलेल्या पोफळी आता फळावर येऊ लागल्या आहेत. त्या लावताना त्यांना आपली तारीख ठाऊक नव्हती. आपण त्यांची सुपारी पाहू याची खात्रीही, त्या वयात, त्यांना नसावी.